शस्त्र जमा करण्याच्या योजना आणि परवानाधारकाची बाजू : वऱ्हाडच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

नागरिकांजवळील बंदुका शासनाने मोबदला देऊन परत घ्याव्यात, ही कल्पना गेल्या तीन दशकांत अनेक देशांत अमलात आली. ऑस्ट्रेलिया, ब्राझील व न्यूझीलंड ही तिची ठळक उदाहरणे होत. भारतात या स्वरूपाची देशव्यापी योजना झालेली नाही. तथापि परवानाधारकाने आपली बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन देण्याचे प्रसंग येथेही येतात. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील ज्या शेतकऱ्याकडे पीकसंरक्षणाची एकनळी वा दुनळी आहे, त्याला ‘शस्त्र जमा करणे’ हा शब्दप्रयोग चांगलाच परिचित आहे. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यातून निरोप येतो, बंदूक व काडतुसे जमा होतात, पावती मिळते आणि निकालानंतर शस्त्र परत येते.

या विषयावरील मराठी लेखनात सामान्यतः दोन टोके दिसतात. एका बाजूला बंदूक म्हणजे हिंसा असे समीकरण मांडून तिच्या मालकाच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष केले जाते. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतील वादाची परिभाषा जशीच्या तशी उचलून ‘शस्त्राचा हक्क’ सांगितला जातो. वऱ्हाडातील वस्तुस्थिती या दोन्ही चौकटींत बसत नाही. शस्त्र जमा करून घेण्याच्या प्रचलित पद्धतींची आणि त्यांवर परवानाधारक घेत असलेल्या आक्षेपांची चिकित्सा करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

कायद्याची चौकट

1857 नंतरच्या निःशस्त्रीकरणाला 1878 च्या शस्त्र कायद्याने कायमचे रूप दिले. या कायद्यामागील अविश्वास हिंदी लोकांना अपमानास्पद वाटत होता, आणि 1887 च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठराव केला होता. स्वातंत्र्यानंतर आलेला 1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. परवान्याचे तत्त्व त्याने कायम ठेवले; परंतु काही गरजा वैध म्हणून स्पष्टपणे मान्य केल्या. त्यातील कलम 13 वऱ्हाडच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती पुरेशी नसल्याची अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येईल, अशी तरतूद त्यात आहे. शेतकऱ्याच्या बंदुकीकडे शेतीचे एक साधन म्हणून पाहण्याची ही दृष्टी होय.

शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क मात्र भारतीय राज्यघटनेने दिलेला नाही. अनुच्छेद 19 मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, तेही शांततेने व विनाशस्त्र. शस्त्रे व दारूगोळा हा विषय संघसूचीत आहे. त्यामुळे परवानाधारकाच्या आक्षेपांचा विचार ‘हक्क हिरावला’ या भूमिकेवरून करता येत नाही. शासनाने एकदा मान्य केलेली गरज, त्या गरजेपोटी विकत घेतलेली मालमत्ता आणि ती काढून घेताना पाळावयाची रीत, या तीन मुद्द्यांवरच तो व्हावयास हवा.

एका शब्दाखालील तीन गोष्टी

या प्रश्नातील पहिला गोंधळ शब्दाचा आहे. ‘शस्त्र जमा’ या एका प्रयोगाखाली तीन भिन्न गोष्टी येतात.

पहिली गोष्ट म्हणजे निवडणूककाळातील तात्पुरती जमा. आचारसंहिता लागू झाल्यावर परवानाधारकांची छाननी करून शस्त्रे जमा करून घेतली जातात व निकालानंतर परत केली जातात.

दुसरी, कायद्याने ओढवलेली कायमची जमा. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात ती एकच होती. विरोध झाल्यानंतर शासनाने दोनचा आकडा स्वीकारला. दोनपेक्षा अधिक बंदुका असणाऱ्याने एका वर्षाच्या आत अधिकची बंदूक नजीकच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे बंधन आले. वारशाने आलेल्या बंदुकाही या मर्यादेत धरल्या गेल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे आत्मसमर्पणाची. नक्षलवाद्यांसाठी महाराष्ट्र शासनाने 2005 पासून राबविलेल्या योजनेत, शरण येणाऱ्याने सोबत आणलेल्या शस्त्रासाठीही रक्कम देण्याची तरतूद आहे.

हे तीन प्रकार शेजारी ठेवले की एक विसंगती समोर येते. मोबदला आहे तो तिसऱ्या, म्हणजे बेकायदेशीर शस्त्राला. रीतसर अर्ज करून, पोलीस चौकशीस सामोरे जाऊन, शुल्क भरून घेतलेली बंदूक कायद्यातील बदलामुळे सोडावी लागली, तर तिच्यासाठी शासकीय तिजोरीतून काही मिळत नाही. आत्मसमर्पणाच्या योजनेमागे पुनर्वसनाचा वेगळा व योग्य हेतू आहे. त्यामुळे ती चुकीची ठरत नाही. तथापि शस्त्र परत घेण्यासाठी पैसे मोजणे शासनाला तत्त्वतः अमान्य नाही, एवढे यावरून निश्चित होते. मग कायदा पाळणाऱ्याच्या बाबतीत हे तत्त्व का लागू होऊ नये, हा परवानाधारकाचा प्रश्न सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

निवडणूक आणि हंगाम

तात्पुरत्या जमेवरील सर्वांत सबळ आक्षेप वेळेचा आहे. 2004 पासूनच्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकांच्या तारखा पाहाव्यात : 13 ऑक्टोबर 2004, 13 ऑक्टोबर 2009, 15 ऑक्टोबर 2014, 21 ऑक्टोबर 2019 आणि 20 नोव्हेंबर 2024. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या दृष्टीने हे दिवस कोणते? सोयाबीनची सोंगणी व मळणी चालू असते, कपाशीची बोंडे फुटून पहिला वेचा सुरू होतो, तूर फुलोऱ्यावर येते आणि हरभरा पेरला जातो. रानडुकरांचे कळप उंच वाढलेल्या तुरीत दिवसा दडून राहतात आणि रात्री बाहेर पडतात. रोह्यांचा कळप एका रात्रीत कोवळा हरभरा खाऊन व तुडवून जातो. वर्षातील जागलीचा हाच सर्वांत कठीण काळ होय.

लोकसभेच्या निवडणुकीत चित्र वेगळे असते. 2024 मध्ये घोषणा 16 मार्चला झाली, अमरावती व अकोला येथे 26 एप्रिलला मतदान झाले आणि निकाल 4 जूनला लागला. हा कालावधी सुमारे 80 दिवसांचा, म्हणजे विधानसभेच्या दुपटीहून अधिक. परंतु कोरडवाहू शेत तोवर मोकळे झालेले असते. कालावधी मोठा असूनही हानी कमी आणि कालावधी लहान असूनही हानी अधिक, असा हा प्रकार आहे. सर्वांना एकच नियम लावणाऱ्या आदेशात हा भेद उमटत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात ही अडचण अधिक तीव्र होते. अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे असल्याने ओलिताची सोय मर्यादित आहे. पावसाच्या ओलीवर येणारे पीक गेले, तर त्या हंगामात दुसरे घेता येईलच असे नाही. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीसाठी शासन भरपाई देते. पण ती अर्ज, पंचनामा व मंजुरी या वाटेने येते. प्राणी हुसकावण्याचे साधन हातात असणे आणि नुकसानीनंतर पंचनाम्याची वाट पाहणे, यांत शेतकरी पहिल्याची निवड करतो, हे स्वाभाविक आहे.

या बाबतीत न्यायालयाची भूमिका मुळातच समंजस आहे. गोव्यातून आलेल्या एका याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये सरसकट शस्त्रजमेस आक्षेप घेतला. प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार छाननी समितीने करावा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणूककाळात, सामील झालेले यांच्यावर लक्ष केंद्रित करावे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनाही त्याच धर्तीवर आहेत. म्हणजे ‘सर्वांनी जमा करा’ हा कायद्याचा आदेश नव्हे. व्यक्तिशः छाननीला वेळ व मनुष्यबळ लागते, आणि तेवढी सवड नसली की सरसकट जमा हीच सोयीची वाट ठरते. परवानाधारकाचा राग कायद्यावर दिसत असला, तरी त्याचे खरे लक्ष्य ही प्रशासकीय सोय असते.

आक्षेपांची छाननी

परवानाधारकांचे सर्व आक्षेप सारख्याच वजनाचे नाहीत. परवानाधारक हा एकजिनसी वर्गही नाही. पीकसंरक्षणाची बंदूक असलेला शेतकरी, बँकेत वा जिनिंग कारखान्यात परवान्याच्या बंदुकीवर पहारेकऱ्याची नोकरी करणारा माजी सैनिक, देशमुखी वाड्याच्या बैठकीत आजोबांची दुनळी टांगून ठेवणारा वारस, आणि पिस्तूल कमरेला लावून फिरणारा पुढारी किंवा कंत्राटदार, यांच्या बंदुका एकाच कायद्याखाली असल्या तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पहारेकऱ्यासाठी ती रोजगार आहे, वारसासाठी घराण्याची आठवण, आणि शेवटच्या वर्गासाठी बऱ्याच अंशी प्रतिष्ठेची खूण.

‘खरे गुन्हेगार परवाना काढत नाहीत’ हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. देशातील गोळीबाराने होणाऱ्या खुनांत बहुतांश शस्त्रे विनापरवाना असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीतून वर्षानुवर्षे दिसते. वऱ्हाडाच्या उत्तरेस सातपुड्यापलीकडे खरगोन, बडवानी व बुऱ्हाणपूर हा देशी कट्ट्यांच्या निर्मितीसाठी कुप्रसिद्ध असलेला पट्टा आहे. तेथून येणाऱ्या शस्त्रांना कोणतीही जमा योजना स्पर्श करीत नाही. तथापि या युक्तिवादाला मर्यादा आहे. निवडणुकीत बंदुकीने माणूस मारला जाण्याइतकीच तिच्या नुसत्या दर्शनाने मतदार दबला जाण्याची भीती असते, आणि दबाव टाकण्यासाठी परवान्याची बंदूकही पुरेशी होते. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत आणि मे 2023 मध्ये अकोल्यात उसळलेला हिंसाचार लक्षात घेता, तणावाच्या दिवसांत शस्त्रांची संख्या कमी असावी ही पोलिसांची धारणा निराधार म्हणता येत नाही.

‘बंदूक घरात असली म्हणजे घर सुरक्षित’ हा दुसरा आक्षेप त्याहून दुबळा आहे. घरातील शस्त्र अपघात, कलह व आत्मघात यांचा धोका वाढविते, हे इतरत्र झालेल्या संशोधनातून पुढे आले आहे. वर्षानुवर्षे न वापरलेली, तेल-सफाई न झालेली, भिंतीवर टांगलेली बंदूक रक्षणापेक्षा जोखमीचीच अधिक असते. वारसाच्या बैठकीतील दुनळीबद्दल हे विशेषत्वाने खरे आहे.

तिसरा आक्षेप देखभालीचा. ठाण्याच्या मालखान्यात शस्त्र नुसते ठेवले जाते; ओलाव्याने गंज चढतो, दस्त्याचे लाकूड फुगते, अशी परवानाधारकांची तक्रार असते. विक्रेत्याकडे जमा करावे तर तो शुल्क घेतो. हा आक्षेप वरकरणी किरकोळ वाटतो. पण परत मिळालेली बंदूक निकामी झाली असेल, तर ‘तात्पुरती’ या शब्दाला अर्थ राहत नाही. शस्त्राची स्थिती नोंदविणारी पावती आणि कोरड्या जागेची व्यवस्था, यांवर फार मोठा खर्च होणार नाही.

शेतकऱ्याच्या बाजूलाही एक दुरुस्ती आवश्यक आहे. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची मुभा नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रोही व रानडुक्कर यांना संरक्षण दिले आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतरही ते अनुसूचीत आहेत. पिकाचे नुकसान करणारा प्राणी मारण्यासाठी कलम 11 अन्वये वनखात्याची स्वतंत्र परवानगी लागते. म्हणजे एरवी त्या बंदुकीचा उपयोग बारीनेच, आवाज काढून कळप पांगविण्यासाठी आहे. हे लक्षात घेतले तर सौर कुंपण किंवा इतर उपाय तेच काम करू शकतात, असे म्हणता येते. पण कुंपणाचा खर्च अल्पभूधारकाला पेलत नाही. बंदूक नाही आणि कुंपणही नाही अशा स्थितीत काही जण तारेत थेट वीजप्रवाह सोडतात. त्याने प्राणी मरतात, आणि पहाटे शेतात जाणारी माणसेही मरतात. विदर्भात अशा घटना वारंवार घडल्या आहेत. एक दृश्य, नोंदलेले साधन काढून घेताना त्याच्या जागी कोणते अदृश्य साधन येईल, याचा विचार जमा आदेशात होत नाही. हा त्यातील सर्वांत गंभीर दोष होय.

परदेशातील अनुभव

ऑस्ट्रेलियात एप्रिल 1996 मध्ये पोर्ट आर्थर येथे 35 जणांचे हत्याकांड झाल्यावर काही प्रकारच्या बंदुकांवर बंदी आली आणि वर्षभरात सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेण्यात आल्या. त्यासाठी आरोग्य-विम्याच्या कराव्यतिरिक्त एका वर्षापुरता वाढीव भार जनतेवर टाकला गेला. खर्च सर्व समाजाने उचलावा, ही भूमिका त्यामागे होती. पुढील काळात बंदुकीने होणारे मृत्यू घटले. मात्र त्यातील किती घट या योजनेमुळे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

न्यूझीलंडमध्ये मार्च 2019 च्या ख्राइस्टचर्च हल्ल्यानंतर अशीच योजना आली आणि 20 डिसेंबर 2019 पर्यंत सुमारे 56 हजार बंदुका जमा झाल्या. तेथील बंदूकधारकांची मुख्य तक्रार मोबदल्याच्या दरांबद्दल होती. शासनाची अडचण निराळी होती : बहुतेक बंदुकांची स्वतंत्र नोंदच नसल्यामुळे एकूण किती बंदुका यावयास हव्या होत्या, हेच निश्चित सांगता येत नव्हते. ब्राझीलमध्ये 2003 च्या कायद्यानंतर लोकांनी मोबदला घेऊन लाखो शस्त्रे स्वेच्छेने परत केली. पण ऑक्टोबर 2005 च्या सार्वमतात शस्त्रविक्रीवरील बंदी सुमारे 64 टक्के मतदारांनी नाकारली. स्वतःची बंदूक परत करणे आणि इतर सर्वांच्या बंदुकीवर बंदी मान्य करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसते.

वऱ्हाडसाठी यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. भारतात परवान्याच्या प्रत्येक बंदुकीची नोंद आहे आणि परवानाधारकाला विशिष्ट ओळख क्रमांक आहे. न्यूझीलंडला नसलेली माहिती येथील जिल्हाधिकारी कार्यालयात उपलब्ध आहे. उणीव आहे ती मोबदल्याची. 1959 च्या कायद्याच्या कलम 21 नुसार जमा केलेले शस्त्र मुदतीत पात्र व्यक्तीस विकून पैसे घेण्याचा अधिकार मालकाला किंवा त्याच्या वारसाला आहे. मुदत टळल्यास ते शासनजमा होऊ शकते. कागदावर ही सोय पुरेशी दिसते. प्रत्यक्षात जुनी एकनळी विकत घेणारा परवानाधारक शोधणे वारसाला सहज साधत नाही. मुलगा पुण्यात नोकरीला, शेत मक्त्याने दिलेले आणि वडिलांच्या पश्चात बंदूक ठाण्यात पडून, ही स्थिती वऱ्हाडातील गावांना अपरिचित नाही.

मोबदला देऊन परत घेण्याची योजना भारतात कोठे सुरू करावयाची असेल, तर ती अशा वारशाच्या बंदुकांपासून करणे उचित ठरेल. येथे शेतीची गरज संपलेली असते, मालकाला शस्त्र नको असते आणि सक्तीचा प्रश्न उद्भवत नाही. मोबदल्याची रक्कम मोठी नसली तरी चालेल; आपली वस्तू शासनाने किंमत देऊन घेतली, जप्त केली नाही, ही भावना तिच्यातून टिकते.

समारोप

वरील चिकित्सेतून निघणारे निष्कर्ष असे. परवानाधारकांची हक्काची भाषा घटनेत टिकत नाही आणि सुरक्षिततेचा युक्तिवाद अनुभवात टिकत नाही. परंतु हंगाम, देखभाल, मोबदला आणि व्यक्तिशः छाननी या चार मुद्द्यांवर त्यांची बाजू योग्य आहे. यांपैकी छाननीबाबत न्यायालयाचा निर्णय 2009 पासून उपलब्ध आहे. उणीव अंमलबजावणीची आहे. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात स्वतंत्र अधीक्षक कार्यालय आहे. निदान ग्रामीण विभागात पीकसंरक्षणाचे परवाने वेगळे काढून, त्यांची छाननी निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच पूर्ण करून ठेवणे अशक्य नाही.

शस्त्रे कमी असलेला समाज अधिक निर्भय असतो, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. ज्याने नियम पाळून नोंद केली त्याच्याच दारात शासन प्रथम पोहोचते, कारण त्याचाच पत्ता शासनाजवळ असतो. नोंदणीची ही शिक्षा वाटू लागली, तर पुढच्या पिढीतील शेतकरी नोंदणी टाळण्याचा मार्ग शोधील, आणि शस्त्रनियंत्रणाचा पायाच त्यामुळे खचेल. परवानाधारकाची तक्रार ऐकून घेणे हे त्याच्यावरील उपकार म्हणून नव्हे, तर नियंत्रणाच्याच हितासाठी आवश्यक आहे.